टाकी भरलेली, इंजिन उपाशी

माण तालुक्यातल्या एका गावाच्या वेशीवर नळपाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणायचे काम चालू होते. म्हणजे चालू असायला हवे होते. चर शाळेच्या फाटकापर्यंत येऊन थांबला होता आणि छोटा पोकलेन बकेट मातीत टेकवून गप्प उभा होता. पाइप जोडणारी माणसे पाइपांच्या चळतीवर बसून तंबाखू मळत होती. मशीनचा मालक फोनवर ठेकेदाराला ‘लागतंय, आत्ता लागतंय’ असे सांगत येरझाऱ्या घालत होता. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली, बॅटरी नवी, ऑइलची पातळी बरोबर. तरी इंजिन सकाळपासून पुन्हा पुन्हा बंद पडत होते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि गावोगावी चर खणायची कामे निघाली. मोठे मशीन जिथे वळत नाही अशा बोळांत हे छोटे पोकलेन शिरू लागले. वजन ३ टनांच्या आसपास, इंजिन ३ सिलिंडरचे, ताकद साधारण २५ हॉर्सपॉवर. एखाद्या लहान ट्रॅक्टरला असते तेवढेच इंजिन, पण कामाचा ताण वेगळा. ट्रॅक्टर वाटेत कुठेतरी मोकळा पळतो. खोदाईच्या मशीनला इंजिनावर हायड्रॉलिक पंपाचा बोजा सतत, आणि तोही झटक्याने येतो. बकेट मुरमात घुसली की इंजिनाला त्या क्षणी जास्त डिझेल हवे असते. ते मिळाले नाही की इंजिन मान टाकते.

मिस्त्री मोटारसायकलवरून आले. हत्यारांची पिशवी त्यांनी टाकीवरून उतरवलीही नाही. आधी ऑपरेटरला विचारले, ‘मरताना धूर कसला टाकतंय?’

‘धूरच नाही मामा. नुसता आवाज बसत जातोय.’

‘आणि मेल्यावर? लगेच लागतंय का थांबून?’

‘लगेच न्हाय. दहा मिनिटं बसू दिलं की एका सेल्फला लागतंय. मग परत अर्धा तास झकास.’

तिसरा प्रश्न ऑपरेटरला जरा विचित्र वाटला असावा. ‘डिझेल कशातनं आणता रे तुम्ही?’

या तीन प्रश्नांत निम्मे निदान झालेले होते, हे मला पुढच्या दोन-तीन तासांत कळत गेले. ताकद कमी पडतेय आणि काळा धूर येतोय, तर डिझेल पोचतेय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बघा. ताकद कमी आणि धूरच नाही, तर जाळायलाच काही मिळत नाही. स्टार्टर मारताना पांढरा धूर येतोय आणि इंजिन पकडत नाही, तर डिझेल जातेय पण पेटत नाही. धुराचा रंग फुकटात दिसतो. पण ऑपरेटर तो सांगत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

मालकाने तोवर पैसे घातले होते. डिझेल फिल्टर दोनदा बदलला होता. विजेवर चालणारा फीड पंप नवा बसवला होता. आता कुणीतरी सांगितले होते की मेन पंप उतरवून कराडला नेऊन बेंचवर लावा, नोझलही करून घ्या. मालक त्याच तयारीत होता. ‘मिस्त्री, एकदाचा पंप उतरवाच तुम्ही,’ तो म्हणाला. मिस्त्रींनी मान हलवली. ‘मालक, पंप आजारी असता तर सकाळी अर्धा तास तरी कसा चालला असता?’

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण डिझेल इंजिनाची भूक किती बारीक असते हे आकड्यांशिवाय कळत नाही. असे इंजिन मध्यम कामावर तासाला साडेतीन लिटरच्या आसपास डिझेल पिते. मिनिटाला २४०० फेऱ्यांवर, ४ स्ट्रोकच्या ३ सिलिंडरमध्ये मिळून दर मिनिटाला ३६०० वेळा डिझेल फवारले जाते. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला १६-१७ घन मिलिमीटर येतात. थेंबभरही नाही. एवढेसे डिझेल नेमक्या क्षणी, नेमक्या दाबाने, सेकंदाला ६० वेळा द्यायचे. जुन्या पद्धतीच्या लहान इंजिनात नोझल १२० ते १५० बारला उघडते, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात २०० बारच्या वर. हे काम करणारा प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात फट असते २ ते ४ मायक्रॉनची. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणून प्लंजर आणि त्याची नळी जोडीनेच घासून बनवतात आणि जोडीनेच विकतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या नळीत चालत नाही.

साहजिकच सगळ्यांचा जीव त्या पंपात आणि नोझलमध्ये अडकलेला असतो. महाग तेच, नाजूक तेच, म्हणून बिघाडही तिथेच असणार असे वाटते. डिझेल मात्र तिथे पोचायच्या आधी लांबचा प्रवास करते. टाकीचे तोंड, तळाचा नळ किंवा नळी, रबरी पाइप, पाणी वेगळे करणारी वाटी, फीड पंप आणि त्याच्या आतली जाळी, फिल्टर, पुन्हा पाइप, मग मेन पंप. नोझलमधून न फवारले गेलेले डिझेल परतीच्या पाइपाने टाकीत. यातल्या टाकी ते फीड पंप या टप्प्यात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. ओढणाऱ्याच्या हाती जास्तीत जास्त किती जोर असतो? बाहेरच्या हवेचा दाब, म्हणजे साधारण १ बार. त्याहून कणभर जास्त नाही. पुढे दीडशे बारचा खेळ चालतो आणि त्याची सगळी रसद या एक बारच्याही आतल्या ओढीवर अवलंबून. मला तरी या सगळ्या यंत्रणेतली ही सर्वांत चमत्कारिक गोष्ट वाटते. या टप्प्यात एखादी काडी आडवी आली तरी पुरते.

मिस्त्रींनी पहिल्यांदा काय केले? इंजिन चालू करायला लावले, मशीनला काम दिले आणि ते धापा टाकू लागताच टाकीचे झाकण फिरवून सैल केले, कान तिथेच ठेवून. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असते. ते धुळीने बुजले तर डिझेल जसजसे कमी होईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण उघडल्यावर ‘स्स्स’ असा आवाज होऊन इंजिन सावरले तर रोग सापडला, औषध म्हणजे एक टाचणी. इथे आवाज झाला नाही. इंजिन तसेच मेले. झाकण सुटले.

मग पिशवीतून निघाला हातभर पारदर्शक प्लास्टिकचा पाइप. फिल्टर आणि मेन पंप यांच्यामधला काळा रबरी पाइप काढून तो तिथे लावला, हँड प्रायमरने डिझेल भरून हवा काढली, पुन्हा इंजिन चालू. आम्ही सगळे त्या पाइपावर वाकलो. बुडबुडे असते तर हवा शिरतेय हे कळले असते. बुडबुडा एकही नव्हता. डिझेल स्वच्छ, पिवळसर, सलग वाहत होते. वीस-पंचवीस मिनिटांनी मात्र धार मंदावली आणि पाइपातले डिझेल जवळजवळ जागच्या जागी थबकले. इंजिन बसत गेले. हवा नाही, डिझेलही नाही. याचा अर्थ मागे कुठेतरी बूच बसतेय.

पुढची चाचणी मला सगळ्यांत आवडली. मिस्त्रींनी टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप पंपाच्या तोंडाशी सोडवला. त्या जागी दुसरा पाइप लावून त्याचे टोक स्वच्छ कॅनमध्ये सोडले. कॅन ऑपरेटरच्या पायाशी. म्हणजे टाकीला रजा, बाकी सगळे तेच: तोच फीड पंप, तोच फिल्टर, तोच मेन पंप, तीच नोझल. ‘आता खोद. जीव तोडून खोद,’ ते ऑपरेटरला म्हणाले. पोराने शाळेच्या फाटकापुढचा मुरूम असा काही उपसला की पाइपवाल्यांना उठून कामाला लागावे लागले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, इंजिन एका सुरात. एका कॅनने चार महागड्या संशयितांची निर्दोष सुटका केली होती.

मालक गप्प होता. नवा फीड पंप त्याच्या डोळ्यांपुढे असावा.

आता टाकी. तळाचा पाइप सोडवून खाली बादली धरली. धार आली ती चांगली अंगठ्याएवढी, सणसणीत. क्षणभरच. मग ती करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. मिस्त्रींनी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला, थोडे थांबले, अंगठा काढला. पुन्हा सणसणीत धार, पुन्हा दोरा. ‘आत काहीतरी तरंगतंय. ओढ लागली की येऊन भोकावर बसतंय, ओढ सुटली की उठतंय.’ दहा मिनिटे थांबले की इंजिन का लागत होते त्याचा हा खुलासा. ते दहा मिनिटे विश्रांती घेत नव्हते. टाकीतले बूच बाजूला व्हायला तेवढा वेळ लागत होता.

अशा वेळी बहुतेक जण पाइपाला काँप्रेसर लावून उलटी हवा मारतात. टाकीत बुडबुड असा आवाज होतो, अडकलेले मागे ढकलले जाते, इंजिन चालू होते, मिस्त्री पैसे घेऊन जातो आणि दोन दिवसांनी तेच. आमच्या मिस्त्रींनी टाकी रिकामी करायला लावली. डिझेल फडक्यातून गाळून दोन बॅरलमध्ये घेतले. मग टॉर्च आणि वाकवलेली तार. बाहेर आले ते चांदीच्या रंगाचे गोल पातळ पान, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, कडेला फाटलेले. ऑइलच्या कॅनच्या बुचाखाली असते ते सील.

ऑपरेटरने ते ओळखले. हायड्रॉलिक ऑइलचा कॅन रिकामा झाला की त्यातूनच पंपावरून डिझेल आणायचे, ही सगळ्या साइटवरची रीत. सील स्क्रू ड्रायव्हरने भोसकून उघडलेले, तुटलेला तुकडा कॅनच्या आत पडलेला. तो डिझेलबरोबर टाकीत गेला. पण टाकीच्या तोंडाला कंपनीने गाळणी दिलेली असते ना? होती. ती काढून टूलबॉक्समध्ये ठेवलेली होती. ‘गाळणी लावली की डिझेल वतायला लई वेळ जातोय मामा.’

सीलच्या मागोमाग टाकीच्या तळातून आणखी बरेच आले: वाळू, रंगाचे पोपडे, फडक्याचे धागे आणि हाताला बुळबुळीत लागणारा काळपट थर.

वर सांगितलेला प्रकार बुचाचा. दुसरा प्रकार हवेचा, आणि तो जास्त फसवा. फलटणच्या बाजूला एका क्रशरवर असाच एक लहान रोलर पाहिला. दिवसभर ठीक चालायचा, पण रोज सकाळी उठायला तयार नसायचा. प्रायमर शंभरदा दाबा, नोझलचे नट सैल करून एअर काढा, मग कुठे तो खोकत खोकत चालू व्हायचा. पाइप कुठेही ओले नव्हते, खाली एक थेंब नाही. ‘लिकेज नाहीच,’ असे सगळे शपथेवर सांगत होते.

ओढीच्या बाजूचे लिकेज ठिबकत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. इंजिन चालू असताना त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. उसाचा रस पिताना स्ट्रॉला चीर असली तर ओठांत रसाऐवजी फुरफुर येते, तसे. रात्री इंजिन बंद असताना त्याच चिरेतून हवा शिरते आणि पाइपातले डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. सकाळी पंपापुढे डिझेलऐवजी हवेचा लांबलचक बुडबुडा. द्रव दाबला तर फारसा आक्रसत नाही, म्हणून प्लंजरचा धक्का तसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. प्लंजर ढकलतो, हवा आक्रसते. प्लंजर मागे येतो, हवा फुगते. नोझल उघडतच नाही. इंजिनने ‘एअर धरली’ म्हणतात ती ही.

मग न ठिबकणारे लिकेज शोधायचे कसे? ओढीचे काम ढकलीत बदलायचे. टाकीचे तोंड फडक्याने आवळून परतीच्या पाइपातून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. फीड पंपाच्या अलीकडच्या क्लिपपाशी फेस फुगला. क्लिप इतकी आवळलेली होती की तिच्या कडेने रबर कापले गेले होते. गंमत अशी, की ‘एअर घेतेय’ म्हणून कुणीतरी ती क्लिप आवळली होती आणि त्या आवळण्यानेच पुढची चीर पडली होती. पाइपाचे बोटभर टोक कापून तो पुन्हा बसवला, क्लिप बेताने आवळली. खर्च शून्य.

तांब्याच्या वायसरचेही असेच. बंजो बोल्टच्या दोन्ही अंगांना असतात ते. एकदा आवळून दबले की तांबे कडक होते, दुसऱ्यांदा आवळताना नीट बसत नाही आणि हवेला वाट देते. नवा वायसर पाच-दहा रुपयांना येतो. आडगावात तो मिळाला नाही तर जुने मिस्त्री वायसर चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात टाकतात. तांबे पुन्हा मऊ पडते. पोलाद असे लाल करून पाण्यात टाकले की कडक होते, तांबे मऊ होते. आयटीआयत न गेलेल्या माणसाने हे मला करून दाखवले. त्याच्या हातावर भाजल्याचे जुने डाग होते.

आणखी एक लबाड जागा म्हणजे रबरी पाइपाची आतली कातडी. बाहेरून पाइप धडधाकट, आतून अस्तर सुटलेले. ओढ वाढली की ते अस्तर पडद्यासारखे आडवे येते. अशा पाइपात तोंडाने फुंकून पाहिले तर हवा आरपार जाते, कारण फुंकताना पडदा उघडतो. म्हणून फुंकण्यावर विसंबू नये, पाइप कापून बघावा.

कराडमध्ये पंप-नोझलची कामे करणाऱ्या एका दुकानात गेलो. काचेच्या नळ्यांची रांग असलेला टेस्ट बेंच, प्रत्येक नळीत एकेका सिलिंडरच्या वाट्याचे डिझेल पडते आणि सगळ्या पातळ्या समान येईपर्यंत कारागीर स्क्रू फिरवत राहतो. कोपऱ्यातल्या मेजावर तो नोझल तपासतो: हाताने पंप मारायचा, फवारा धुक्यासारखा उठला तर ठीक, पिचकारीसारखी धार लागली तर नोझल गेले. बोलता बोलता तो जे म्हणाला ते मात्र कुठला दुकानदार सहसा म्हणणार नाही. ‘इथं येणारे बरेच पंप आजारी नसतात साहेब. आम्ही सांगतो, पंप चांगला आहे. गिऱ्हाईकाला पटत नाही. उतरवून आणलाय म्हटल्यावर त्याला काहीतरी करून हवंच असतं.’

या पंपाचा इतिहास डिझेल इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो कमी सांगितला जातो. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी चालले तेव्हा त्यात इंधन दाबाखालच्या हवेने आत फुंकले जाई. त्यासाठी वेगळा काँप्रेसर लागायचा. असले धूड कारखान्यात किंवा जहाजात ठेवायचे, लहान गाडीवर नाही. बॉशने १९२७ मध्ये फवारणीचा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, आणि डिझेल इंजिन ट्रकवर, पुढे ट्रॅक्टरवर आणि आजच्या छोट्या पोकलेनवर येऊ शकले. आपल्याकडे साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिने बनवायला घेतली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरीवरच्या इंजिनाची टकटक गावाच्या ओळखीची झाली. १९५१ मध्ये बंगलोरला मायको सुरू झाली, नंतर नाशिकला तिचा कारखाना आला. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी नाशिककर आजही मायको सर्कललाच भेटायचे ठरवतात आणि मिस्त्री आजही ‘मायको पंप’च म्हणतात.

तेव्हाच्या विहिरीवरच्या इंजिनाला एक मोठी सोय होती. टाकी इंजिनाच्या वर असायची. डिझेल स्वतःच्या वजनाने खाली यायचे, ओढायचा प्रश्नच नव्हता. मशीनवर जागेसाठी टाकी खाली गेली, पाइप लांबले, फीड पंप आला आणि त्याबरोबर ही सगळी दुखणी.

मशीनपर्यंत येणारे डिझेल तरी कसे असते? मानकाप्रमाणे किलोमागे जास्तीत जास्त २४ मिलिग्रॅम कण आणि २०० मिलिग्रॅम पाणी चालते. १०० लिटर डिझेलचे वजन साधारण ८३ किलो. म्हणजे सगळे कायद्यात बसवूनही शंभर लिटरमागे २ ग्रॅम कचरा आणि १६-१७ ग्रॅम पाणी येऊ शकते. हे पेट्रोल पंपावरचे. त्यापुढे साइटवरचा उघडा बॅरल, सिमेंटच्या धुळीतले नरसाळे, कालच्या पावसात भिजलेला कॅन. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतला दमट अंश पत्र्यावर दवासारखा जमतो आणि खाली उतरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी धरते. होय, डिझेल खाऊन जगणारी बुरशी असते. तिच्यातल्या एका जातीचे शास्त्रीय नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. माणच्या त्या टाकीच्या तळाला बोटांना लागलेला बुळबुळीत थर बहुधा तिचाच. फिल्टर नवा घातला तरी चार दिवसांत का तुंबतो, याचे उत्तर अनेकदा टाकीच्या तळाशी असते, फिल्टरच्या दर्जात नसते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे डिझेल आले. गंधक ५० वरून १० पीपीएमवर उतरले. ‘तेव्हापासून पंप जायला लागले’ असे साइटवर सर्रास ऐकू येते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची मुळातली वंगणक्षमता कमी होते हे खरे. ती भरून काढायला रिफायनरी त्यात वेगळे रसायन घालते हेही तितकेच खरे. माझ्या मते हे खापर डिझेलवर फोडण्याआधी कॅन आणि नरसाळे बघावे.

छोट्या मशीनवर मेकॅनिकल पंप अजून सर्रास दिसतो, पण मोठी मशीन कॉमन रेलवर गेली आहेत. तिथे दाब १६०० ते २००० बारचा. जुन्या इंजिनाचा नट सैल करून ‘कुठलं सिलिंडर मरतंय’ ते बघायची सवय असलेल्या हातांनी कॉमन रेलच्या चालू इंजिनाला हात लावू नये. तो फवारा कातडीखाली शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलात जावे. दुसरी सवयही इथेच सांगून टाकतो: एअर धरलेले इंजिन उठवायला हवेच्या नळीशी पेट्रोलचे फडके धरणे किंवा इथरचा फवारा मारणे. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ते भलत्या क्षणी पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. उपाशी इंजिनाला हे पाजून काही साधत नाही. डिझेल अडलेय कुठे ते तसेच राहते.

आयटीआयत मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यात इंधनयंत्रणा शिकवतात, हवा काढायलाही शिकवतात. पण पोरगे बाहेर पडून गॅरेजला लागले की पहिली शिकवण मिळते ती पार्ट बदलायची. यात गॅरेजवाल्याचा लोभ थोडा, गिऱ्हाईकाचा स्वभाव जास्त. त्या दिवशी मिस्त्रींनी तीनेक तास दिले, एकही पार्ट घातला नाही. मजुरी सांगितल्यावर मालक म्हणाला, ‘नुसतं एक पान काढायचे एवढे?’ ज्याने चार दिवसांपूर्वी नव्या फीड पंपाचे बिल विनातक्रार दिले होते, तोच हा माणूस. पार्ट हातात दिसतो, खोक्यासकट येतो, त्याचे पैसे द्यायला जड जात नाही. निदान दिसत नाही. म्हणून निदान करणारा मिस्त्री उपाशी राहतो आणि पार्ट बदलणारा दुकान टाकतो. शेवटी मालकाने पैसे दिले, थोडी घासाघीस करून.

डिझेल थांबले की शोध टाकीपासून सुरू करायचा आणि डिझेलच्या वाटेने पुढे जायचे. महाग पंपापासून मागे यायचे नाही. या एका नियमाला फाटा दिला की खर्च वाढतो. अपवाद आहेत. डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची वायर सैल असली तर टाकी, पाइप, फिल्टर सगळे ठीक असूनही इंजिन मरते, आणि तेव्हा ते बसत जात नाही, दिवा मालवावा तसे एकदम बंद होते. तेवढा फरक ऑपरेटरने नीट सांगितला तर मिस्त्रीचा तास वाचतो.

मशीनमालकांना एवढेच सांगणे आहे. टूलबॉक्समध्ये पडलेली गाळणी आजच टाकीच्या तोंडात परत बसवा. ऑइलचा कॅन डिझेलसाठी वापरायचा असेल तर सीलचा तुकडा आधी बाहेर काढा. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी वाटीतले पाणी सोडा. पाणी सोडायला दोन मिनिटे लागतात आणि त्यासाठी मिस्त्री लागत नाही. आणि मिस्त्रीला बोलावलेत, त्याने एकही पार्ट न बदलता मशीन चालू करून दिले, तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.